आई-बाबा, त्या फुकटच्या दोन रात्री मी नाकारल्यात

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा “जाऊ दे गं” म्हणतात, आई लगेच “जेवलीस का?” विचारते आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, जवळचा चष्मा लावा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधले परिच्छेद गाळायचे नाहीत.

आधी जे करून झालंय ते सांगते. गोव्याच्या त्या रिसॉर्टला मी सोमवारी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली. दिलगिरी म्हणून त्यांनी देऊ केलेल्या पावसाळ्यातल्या दोन फुकट रात्री आम्हाला नकोत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पंधरा दिवसांत नीट उत्तर आलं नाही, तर इथं पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करणार आहे. दादाशी बोलून घेतलंय. तुमच्या जावयांनी मजकूर वाचून दोन कडक वाक्यं काढायला लावली, तीही काढली. तेव्हा “अविचारानं काहीतरी केलं” असं समजू नका.

बाबा, तुमच्या डोळ्यांपुढं आता कोर्टकचेरी, तारखा आणि काळे कोट उभे राहिले असतील. तसं काही होणार नाही. पैसे माझ्या खात्यातून गेले, तक्रार माझ्या नावानं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे गोव्याला खेपा नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीनं मिटवायचीही सोय आहे. तुम्हाला कुठंही जायचं नाही. फार तर एखाद्या शपथपत्रावर सही लागेल, तर तो कागद घेऊन मी सांगलीला येईन. तुमची संध्याकाळची कृष्णाकाठची फेरी एक दिवसही चुकणार नाही.

“दोन रात्री मिळताहेत तर घेऊन टाक, भांडण कशाला” असं तुम्ही म्हणालात. मी त्यावर बराच विचार केला. पण ज्या दारातून तुम्हाला मान खाली घालून बाहेर पडावं लागलं, त्याच दारातून तुम्ही पुन्हा आत जावं, तेही भर पावसात, समुद्र खवळलेला असताना, पोहण्याची बंदी असताना आणि अर्धं रिसॉर्ट रंगरंगोटीसाठी बंद असताना, हे मला पटत नाही. तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आपण गेलो होतो. ती गोष्ट फुकटच्या रात्रींनी भरून निघणारी नाही.

खोलीबद्दल मी एकवेळ गप्प बसले असते. तळमजला, समुद्राच्या बाजूची, पायऱ्या नाहीत, न्हाणीघरात धरायला दांडा, हे सगळं मी मेलवर विचारून घेतलं होतं आणि त्यांनी “हो” म्हणून कळवलं होतं. त्या मेलची प्रत नोटिशीला जोडलीय. मिळाली ती लाँड्रीच्या मागची खोली. तीन पायऱ्या, कठडा नाही, आणि पहाटेपर्यंत यंत्रांची घरघर. बाबांना रात्री उठावं लागतं हे माहीत असल्यामुळे मी झोपलेच नव्हते. दाराची कडी वाजली की उठून बसत होते, तुम्हाला कळू नये म्हणून दिवा लावत नव्हते.

मॅनेजर म्हणाला की परदेशी ग्रुपचा मुक्काम वाढला, त्यांच्या कंपनीचं मोसमभराचं बुकिंग असतं. ते खरंही आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत गोव्यात चार्टर विमानं येतात, त्यांच्या कंपन्या खोल्या आगाऊ घाऊक भावात धरून ठेवतात आणि हॉटेलचा मोसम त्यावर तरून जातो. धंद्याचं गणित मला कळतं. पण ते गणित बाबांच्या गुडघ्यावर का सोडवायचं? आमच्याकडूनही पूर्ण भाडं घेतलं होतं, आणि तेही महिनाभर आधी.

आणि त्या पट्ट्या. आल्या आल्या मनगटावर बांधल्या त्या. समुद्राकडच्या इमारतीतल्यांना पिवळी, आपल्याला निळी. कात्रीशिवाय निघत नाही असला तो जाड प्लॅस्टिकचा कागद. आई, तुझ्या हिरव्या बांगड्या आणि पाटल्यांच्या मध्ये तो अडकून बसला होता, अंघोळीनंतर खाली ओला राहायचा आणि कातडी लाल झाली होती. मी नेलकटरनं कापायला घेतला तर “नको, मग जेवायला देणार नाहीत” म्हणालीस. मंगेशीला दर्शनाच्या रांगेत तू तो हात पदराखाली घेतलास. मी मागंच उभी होते. तुला वाटलं, माझं लक्ष नाही.

आता त्या सकाळच्या टेबलाबद्दल. तुम्ही दोघंही ती गोष्ट झालीच नाही असं वागताय, म्हणून मी ती नोटिशीत सविस्तर लिहिलीय आणि इथंही लिहिते. समुद्राकडेचं टेबल रिकामं होतं. त्यावर ‘राखीव’ अशी पाटी नव्हती, मी तीनदा पाहून घेतलं होतं. आईनं पिशवी ठेवली, बाबांनी टोपी ठेवली, मी चहा आणायला गेले. बशीत उपमा होता, पपईच्या फोडी होत्या, आणि आई कितीतरी वेळानं पाण्याकडे बघत हसत होती. तेवढ्यात तो कोट घातलेला माणूस आला. आधी चेहऱ्याकडे नाही, मनगटाकडे बघितलं त्यानं. “ही टेबलं पिवळ्या बँडसाठी आहेत.” बाबा, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भरलेली बशी घेऊन उठलात. उपमा कलंडत होता. आणि आई, उठताना तू कागदी रुमालानं ते टेबल पुसलंस. सांडलेले दोन कण गोळा करून स्वतःच्या बशीत घेतलेस. पुढच्या माणसाला स्वच्छ मिळावं म्हणून.

आपण आत डोशाच्या तव्याजवळ बसून खाल्लं. आपलं खाणं होईपर्यंत त्या टेबलावर कुणीही आलं नाही.

मी मॅनेजरकडे निघाले तेव्हा बाबांनी माझा हात घट्ट धरला. तुमच्या हातात अजून तेवढी ताकद आहे याचा आनंद व्हावा की रडावं, मला कळेना. मी थांबले, कारण आईच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि तिला चारचौघांत रडलेलं आवडत नाही. आता चारचौघं नाहीत. आता मी बोलणार.

बाबा, रॉकेलवाल्याला मापातला फेस बसेपर्यंत थांबायला लावणारे तुम्ही. मागच्या रांगेतल्या म्हातारीचंही माप पुरं झालं का ते बघून मग घरी येणारे. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, हे मला पुस्तकातून नाही, तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून कळलं. 1986 चा कायदा आला तेव्हाचं कात्रण आपल्या स्वयंपाकघराच्या दारामागं पिवळं पडेपर्यंत होतं. आणि नागरिकशास्त्राच्या तासाला तुम्ही राज्यघटनेचं पंधरावं कलम आमच्याकडून घोकून घेतलं होतं: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात मज्जाव करता येणार नाही. वर्गात तुमची मुलगी म्हणून मला दोनदा म्हणायला लावायचात.

आपलं प्रकरण त्या कलमात बसत नाही, हे मला माहीत आहे. कुणी जात विचारली नाही. जास्त पैसे देणाऱ्याला मोठी खोली मिळावी, याबद्दलही माझी तक्रार नाही. माझं म्हणणं एवढंच की जे कबूल करून पैसे घेतले ते द्यायला हवं होतं, आणि दोन्ही पट्ट्यांच्या माणसांशी बोलताना आवाज एकच असायला हवा होता. कायद्यात पहिल्या गोष्टीला सेवेतील त्रुटी म्हणतात. दुसऱ्या गोष्टीसाठी मी भरपाई मागितलेली नाही, त्यांनी लेखी माफी मागावी असं म्हटलंय. तीही माझ्याकडे नाही, तुम्हा दोघांकडे, नावं घालून.

बिलाचंही लिहिलंय. तुम्ही न बघता सही करत होतात, पण खाली सेवा शुल्क आपोआप लावलेलं होतं. असं शुल्क जेवणाच्या बिलात परस्पर लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलंय. रक्कम किरकोळ आहे, पण परत मागितलीय.

“त्या पोरांच्या नोकऱ्या जातील” ही आईची काळजी. आई, मी कुठल्याही पोराचं नाव घातलेलं नाही. ज्या बॅटरीगाडीवाल्यानं पहिल्या दिवशी रिकामी गाडी आपल्यासमोरून नेली, त्याच्या हातात खोल्यांच्या नंबरांची यादी होती. आपला नंबर त्यात नव्हता. तोच रात्री ड्यूटी संपल्यावर आला आणि बाबांना “आजोबा, बसा” म्हणून खोलीपर्यंत सोडून गेला. खोली आवरायला येणाऱ्या बाईंनी तुझ्या हाताला लावायला खोबरेल आणून दिलं. ती माणसं चांगलीच होती, यादी बनवणारे वेगळे आहेत. आणि त्या परदेशी पाहुण्यांवरही माझा राग नाही. त्या गोऱ्या आजींनी स्वतःची आरामखुर्ची सोडून तुला बसवलं, तुझ्या हातातलं क्रोशाचं काम उलटंपालटं करून बघितलं आणि त्यांच्या पिशवीतली सुई काढून तुला त्यांचा टाका शिकवला, तेव्हा तुम्ही दोघी कुठल्या भाषेत बोलत होतात देव जाणे. त्या सबंध मुक्कामातला तेवढा अर्धा तास मला सुखाचा गेला.

मला खरं काय खुपलंय ते सांगते, रागावू नका. त्या प्रसंगानंतर तुम्ही दोघं तिथं आणखी आणखी लहान होत गेलात. बाबा लिफ्टसाठी सगळे चढेपर्यंत थांबायला लागले. आई जेवताना “आधी त्यांना घेऊ दे” म्हणायला लागली. पूर आल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात, 2019 ला, तेव्हाही अशीच होतीस तू, माझ्याच घरात पंखा लावू का विचारायचीस. तुमची ही सवय मला लहानपणापासून माहीत आहे. जोतिबाच्या एस.टी.त बाबा पूर्ण घाट उभे राहायचे आणि आपली जागा कडेवर पोर असलेल्या बाईला द्यायचे. मी आईच्या मांडीवर, दादा सामानावर. मला तेव्हा तुम्ही बसमधले सगळ्यात उंच माणूस वाटायचात. ती जागा तुम्ही आपण होऊन दिली होती, बाबा. इथं ती तुमच्याकडून काढून घेतली आणि तुम्ही मात्र आपणच दिल्यासारखे वागलात. एवढं एक मला गिळता येत नाही.

असो. आता पुढचं, आणि हेही ठरलेलंच आहे. शिमग्याची गर्दी सुरू होण्याआधी आपण मालवणला जातोय. रिसॉर्ट नाही. तारकर्लीच्या रस्त्याला एक घरगुती मुक्काम आहे. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे आईवडील तिथं राहून आलेत, आणि मी मागच्या शनिवारी स्वतः जाऊन खोली पाहून आलेय. आई, पुढचं नीट ऐक, कारण तू हेच विचारणार आहेस. खोली तळमजल्यावर आहे, उंबरा पार बुटका आहे, बाबांची काठी अडखळणार नाही. कमोड आहे, शेजारी भिंतीत पक्का दांडा आहे, मी त्याला लोंबकळून पाहिलंय. पलंग उंच आहे, गुडघा फार वाकवावा लागणार नाही. गरम पाणी चोवीस तास नाही पण पहाटे पाचला असतं, म्हणजे तुझ्या वेळेला. मच्छरदाणी आहे. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे, गाडीनं जवळ आहे, आणि गाडी पूर्ण वेळ आपल्या दाराशी असेल.

घरच्या काकूंना मी चतुर्थीचं सांगायला लागले, तर त्यांनीच विचारलं, “आजयेक उपासाक काय चालता?” वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, सगळं होईल म्हणाल्या. एरवी सकाळी घावणे किंवा आंबोळ्या, दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. खापरोळ्या एकदा करायच्या कबूल केल्यात, पण रसात गूळ असतो, आईनं अर्धीच खायची. बाबांना बांगडा मिळेल, मीठ कमी घालायला सांगितलंय. जेवायचं टेबल एकच आहे. त्याच टेबलाला काकू स्वतःही जेवायला बसतात.

रस्ता फोंडा घाटाचा घेऊ. सांगलीहून सकाळी सहाला निघायचं, राधानगरीला थांबून चहा, घाटाआधी आईनं मळमळीची गोळी घ्यायची आणि पुढच्या सीटवर बसायचं. बाबांनी मागं पाय लांब करून बसायचं, “मला चालतं” म्हणायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीतून जायचा हट्ट करायचा नाही. 1664 साली महाराजांनी त्याची पायाभरणी केली, आतल्या महाराजांच्या हातापायांच्या ठशांबद्दल तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की मला न बघता पाठ आहे. पण होडीची चढउतार तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही. धक्क्यावर बसून बघू, मी खुर्ची घेऊन येईन, आणि तुम्ही पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगा. नातीला अजून माहीत नाही. धामापूरचा तलाव मात्र नक्की दाखवीन, गाडीतून उतरून जेवढं सहज होईल तेवढंच.

खर्चाचं विचारू नका. विचारलंत तर सांगणार नाही. लहानपणी दिवाळीला स्वतःसाठी काही न घेता आमचे फ्रॉक-शर्ट शिवलेत तेव्हा आम्ही तुम्हाला खर्च विचारला नव्हता.

तोवर काय करायचं ते लिहून देते, फ्रिजवर लावा. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी नाष्ट्यानंतर, “आज बरं वाटतंय” म्हणून चुकवायची नाही. गुडघ्याचे व्यायाम दोन्ही वेळा, डॉक्टरांनी दाखवले तसे, टीव्ही बघत नाही. आई, तू माळ्यावर चढायचं नाहीस. मुळीच नाही. उन्हाळ्याचे डबे मी आल्यावर काढू. साखर तपासायला येणाऱ्या मुलाला परत पाठवलंस असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. पुन्हा असं केलंस तर मी दादाला सांगेन, आणि मग तो व्हिडिओवर अर्धा तास बोलेल. रात्री न्हाणीघरातला छोटा दिवा चालूच ठेवायचा, बिल मी भरते. हातावरचा डाग अजून लाल असेल तर खोबरेलावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि मला फोटो पाठवा, उजेडात काढलेला.

आणि बाबा, नोटिशीवरून मला समजवायला फोन करणार असाल तर करा. मी ऐकून घेईन, उलट बोलणार नाही. पण नोटीस मागं घेणार नाही. तुम्हीच मला कागदावर सही करण्याआधी वाचायला शिकवलंत, आणि सही केल्यावर मागं फिरायचं नाही हेही तुम्हीच शिकवलंत. आईला सांगा, मी चिडून लिहिलेलं नाही. लिहिताना मधे उठून चेहरा धुऊन आले एवढंच.

आई, माझ्यासाठी भडंग करून ठेव. लसूण जास्त घाल, तिखट तुझ्या मनानं. मालवणला काकूंकडेही थोडा डबा नेऊ, त्यांना मी सांगून ठेवलंय.

तुमची,
बाळी

ता. क. : हे महत्त्वाचं आहे, दोघांनी वाचा. तक्रार केली की “रिसॉर्टमधून बोलतोय, पैसे परत पाठवायचेत” असे फोन येऊ शकतात. कुणालाही ओटीपी सांगायचा नाही, कुठलंही अ‍ॅप घ्यायचं नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी. “मुलीशी बोला” म्हणायचं आणि फोन ठेवायचा. ठेवण्याआधी “बरं, ठेवू का?” असं विचारायचं नाही, आई.